पाणी पडतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे: गावच्या कौलारू घराला कारागीर मिळाल्याची हकीकत

आमचं गावचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे, देवरुखच्या बाजाराच्या टप्प्यात. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि पडवी, मधे माजघर आणि मागच्या अंगाला १९८८ मध्ये वाढवलेलं स्वयंपाकघर. छप्पर साधारण बाराशे चौरस फूट, म्हणजे कौलं अठराशेच्या घरात. आई तिथे एकटी राहते, तिचं वय ७४. मी डोंबिवलीला, नोकरी धरून. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. अशा घराला छप्पर चाळणारा, म्हणजे कौलं उचलून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवणारा, खात्रीचा माणूस नसला, तर आईचं अंथरूण, कणगीतलं भात आणि वाशांवरून गेलेली विजेची तार, तिन्ही धोक्यात.

वडील होते तोवर ते स्वतः अंगणात उभं राहून हे काम करून घेत. ते ज्यांना बोलवत ते कारागीरही आता नाहीत, त्यांची मुलं मुंबईत. २०२३ च्या पावसाळ्यात घरात तीन ठिकाणी पातेली ठेवावी लागली, त्यातलं एक देवघराच्या कोपऱ्यात. आईने हे फोनवर कधी बोलून दाखवलं नाही. गणपतीला गेल्यावर भिंतीवरचा ओघळ दिसला तेव्हा मला कळलं.

पुढे जे झालं ते एप्रिल ते जून २०२४ मधलं. मी सविस्तर लिहिते आहे, कारण दर मे महिन्यात ओळखीपाळखीत तोच प्रश्न फिरत असतो, ‘गावाला विश्वासाचा माणूस आहे का कोणी?’ आणि उत्तरादाखल येतो तो एक फोन नंबर. मीही नंबरच घेतला होता.

फोनवर ठरलेलं काम

नंबर देणारे ओळखीचे होते. “माणूस चांगला आहे, आमच्या भावाकडे काम केलंय त्याने,” एवढी शिफारस. भावाकडे कसलं काम केलं, ते मी विचारलं नाही. कंपाउंडची भिंत घातली होती, हे मला फार उशिरा समजलं.

तो घर पाहून गेला आणि फोनवर म्हणाला, कौलं जुनी झाली, सगळं उतरवून पत्रा घाला, एक लाख पंच्याऐंशी हजार. पत्रा घालणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. वानरं छपरावर उड्या मारतात, कौलं फुटतात, चाळायला माणूस मिळत नाही, मग लोक काय करणार? पण आमचे वासे ऐन-किंजळीचे, अजून खणखणीत. आणि एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली आईने कसं राहायचं? मी नको म्हटलं. तेव्हा दुसरा आकडा आला: दुरुस्ती करून देतो, ३२,००० रुपये, त्यातले २०,००० आधी पाठवा, माल घ्यायचाय. मी पाठवले.

काम सांगताना मी त्याला काय सांगितलं होतं? “गळतंय तेवढं बघून घ्या.” चार शब्द. किती कौलं बदलायची, कुठलं गळतं, कशाने थांबवणार, माल कोणता, यातलं काहीच ठरलं नाही. पुढे भांडायची वेळ आली तेव्हा ‘तुम्ही हे कबूल केलं होतं’ असं म्हणायलाही माझ्याकडे काही नव्हतं.

२७ आणि २८ एप्रिल, मिळून दीड दिवस काम चाललं. साठेक कौलं बदलली, आढ्यावरच्या कोन्यांना, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या कौलांना, सिमेंट फासलं, कौलांच्या सांध्यांतही सिमेंट भरलं. मुख्य छप्पर आणि स्वयंपाकघराचं छप्पर जिथे मिळतं, त्या पन्हळीवर डांबर ओतून वर प्लास्टिक अंथरलं. वरून कौलं फुटल्याचे आवाज येत होते. आईने विचारलं, तर “जुनी आहेत आजी, फुटणारच,” एवढंच उत्तर.

१२ मेला वळीव आला. देवघरातलं पातेलं आदल्या वर्षी रात्रभरात भरायचं, ते वीस मिनिटांत भरलं. फोन केला तर पहिल्यांदा ‘येतो’ म्हणाला, नंतर उचललाच नाही.

मला खूप राग आला होता. आज शांतपणे पाहिलं तर वाटतं, तो भिंतीचा चांगला गवंडी असेलही. कौलं हे त्याचं काम नव्हतं आणि ते त्याने सांगायला हवं होतं. पण हा माणूस कशात मुरलेला आहे, हे न विचारता मी त्याला छपरावर चढवलं, ती चूक माझी.

प्रश्न बदलला

२० मेला डोंबिवलीत मतदान केलं आणि रात्रीच गावाला निघाले. मृगापर्यंत अठरा दिवस. कोकणात कारागीर शोधायला याहून वाईट वेळ नाही. गडीमाणसं आंबा उतरवण्यात आणि पेट्या भरण्यात, सुतार-गवंडी आधीच कबूल केलेल्या कामांत, आणि आलेल्या प्रत्येक चाकरमान्याला आपलं काम आठ दिवसांत हवं असतं. शिमगा झाला की लगेच माणूस ठरवायचा असतो, हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पहिला दिवस फुकट गेला. मी विचारत होते, “चांगला माणूस आहे का कोणी?” प्रत्येकाकडे एक होता: कुणाचा भाचा, कुणाचा शेजारी. नाव पुढे करण्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, प्रश्नच तसा होता. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. “गेल्या पावसाआधी तुमचं घर कुणी चाळलं? पावसात त्याला परत बोलवावं लागलं का? बोलवल्यावर आला का?”

यातला तिसरा तुकडा महत्त्वाचा. कौलारू छप्पर पहिल्या पावसात कुठेतरी एखादा थेंब टाकतंच, मग चाळणारा कितीही चांगला असो. त्यानंतर तो शिडी घेऊन येतो की नाही, यावर सगळं आहे. सात घरी विचारलं. पाच ठिकाणी उत्तर देताना लोक थांबले, विषय बदलला. दोन घरांतून मात्र एकच नाव आलं, नदीपलीकडच्या वाडीतल्या एका सुतारकाकांचं. एका वहिनींनी तर वेळच सांगितली: “जुलैमधे रात्री गळायला लागलं, सकाळी सातला छत्री घेऊन हजर.”

मग देवरुखला हार्डवेअरच्या दुकानात गेले. मला वाटतं, कारागिराची खरी पत दुकानदाराला माहीत असते. माप लिहून कोण आणतो, उरलेला माल प्रामाणिकपणे परत कोण करतो, मालकाच्या नावावर स्वतःच्या घरचा रंग कोण नेतो, हे त्याच्या डोळ्यांसमोर रोज घडतं. मी वाईट कोण ते विचारलं नाही, कारण दुकानदार गिऱ्हाइकाबद्दल वाईट बोलणार नाही. “माप लिहून आणणारे कोण?” एवढंच विचारलं. त्यांनी जरा विचार करून दोन नावं दिली. दुसरं नाव सुतारकाकांचं.

पहिल्या नावाच्या माणसाकडे आधी गेले, ते जवळ राहत होते म्हणून. त्यांनी दारातच सांगून टाकलं, “ताई, गणपतीपर्यंत मला सवड नाही. हो म्हणून तुम्हाला लटकवून ठेवणार नाही. तुम्ही त्यांच्याकडेच जा. त्यांना पाण्याची वाट कळते.”

दाराची बिजागरी

मी लगेच छपराचं काम देऊन टाकलं नाही. एकदा पोळल्यावर माणूस सावध होतो. न्हाणीघराचं दार खाली घासत होतं, उंबऱ्यावर अर्धगोल चर पडला होता, उघडताना आईला दोन्ही हात लावावे लागत. तेवढं काम आधी सांगितलं. काका पंचावन्न-साठीचे, सडपातळ, बोलणं कमी. पिशवीत रंधा, दोन पटाश्या, हातोडी, पेचकस, एका डबीत निरनिराळे स्क्रू. पटाश्यांच्या धारेवर जाड कापड गुंडाळलेलं.

मला वाटलं होतं, दार काढतील आणि खालून रंधा मारतील. आधीच्या एकाने तसं केलंही होतं आणि दोन वर्षांत दार पुन्हा घासायला लागलं होतं. काकांनी दार अर्धं उघडून मुठीला धरलं आणि हलकेच वर उचललं. दार बोटभर उचललं गेलं. “दार फुगलेलं नाही. लोंबतंय,” ते म्हणाले. वरच्या बिजागरीचे तीन स्क्रू भोकात नुसते फिरत होते. त्यांनी बिजागरी सोडवली, चौकटीतली भोकं साफ केली, सुक्या बांबूच्या तीन खुंट्या तासून ठोकल्या आणि वर आलेला भाग पटाशीने कापून सपाट केला. मग त्याच जागी थोडे लांब स्क्रू भरले. दार एका बोटाने बंद झालं. चाळीस मिनिटं. किती द्यायचे विचारलं तर म्हणाले, “दीडशे द्या.” खाली पडलेला भुसा त्यांनी स्वतः कागदावर भरला.

दीडशे रुपयांत मला तीन गोष्टी कळल्या. हा माणूस हत्यार उचलण्याआधी बिघाड शोधतो. गरज नसलेलं लाकूड कापत नाही. आणि ‘दार खराब आहे, नवं घ्या’ म्हणण्याची संधी असताना म्हणत नाही. पहिल्याने छपराचं जे केलं होतं, ते रंधा मारण्यासारखंच होतं.

पाण्याची वाट

२६ मेला काका छप्पर बघायला आले. शिडी भिंतीला टेकवून ठेवली, पण वर गेले नाहीत. ओटीवर बसले आणि आईला विचारायला लागले. “वहिनी, देवघरात पाणी पाऊस लागल्या लागल्या येतं की उशिराने?” आई म्हणाली, “अर्धा तास जोराचा लागला की मग.” “पाऊस थांबल्यावर?” “नंतरही बराच वेळ टपकत राहतं.” “आणि पश्चिमेच्या खोलीत?” “तिथे वाऱ्याचा पाऊस असला तरच. सरळ पावसाला एक थेंब नाही.” “पडवीत?” “तिथे मात्र लगेच, पाऊस कसलाही असो.”

मी ऐकत बसले होते. आईला हे सगळं इतकं नेमकं माहीत होतं आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. पहिल्याने नाही आणि मीसुद्धा नाही. घरात बारा महिने राहणारं माणूस ती आहे, पातेली ती सरकवते, रात्री टपटप ती ऐकते. आम्ही दोघं तिच्या डोक्यावरून फोनवर काम ठरवत होतो.

काकांनी तेवढ्यावरच सांगितलं, “या तीन वेगळ्या गळती आहेत. तिन्हींना एक औषध नाही.” लगेच येणारं पाणी म्हणजे थेट वरचं कौल फुटलेलं. वाऱ्याच्या पावसाचं म्हणजे कौल सरकून सांधा उघडा पडलेला, सरळ पावसात तो झाकला जातो, झड आली की पाणी आत ढकललं जातं. आणि उशिरा येऊन उशिरापर्यंत राहणारं म्हणजे पाणी दुसरीकडेच शिरतंय, तुंबतंय आणि लाकडावरून चालत इथे येऊन पडतंय.

दुपारी बारा वाजता त्यांनी माजघराची दारंखिडक्या बंद करायला लावली. अंधारात छपराकडे पाहिलं तर कौलांतून बारीक कवडसे चमकत होते, मी मोजले, अकरा. काकांनी काठीच्या टोकाला खडू बांधून प्रत्येकाच्या शेजारच्या वाशावर खूण केली. मग ते वर चढले आणि मला आत उभं केलं. तांब्याने पाणी ओतायचं ते वळचणीकडून सुरू करून, हळूहळू आढ्याकडे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून खाली येतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. खालून चढत गेलं तर ज्या ओळीवर आत थेंब येतो, तीच ओळ.

देवघराच्या वर ओतलं, काही नाही. आणखी वर, काही नाही. शेवटी ते सहा-सात फूट बाजूला, पन्हळीपाशी गेले आणि दोन कळशा ओतल्या. मी मनात मोजत होते. शंभरच्या पुढे गेल्यावर एका रिपेच्या, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, खालच्या कडेला पाण्याची चकाकती रेघ दिसली. ती रीप धरून सरकत आली, वाशापाशी जरा थबकली, फुगली आणि देवघराच्या कोपऱ्यात टप्प करून पडली. एवढी वर्षं आम्ही त्या थेंबाच्या डोक्यावरची कौलं बदलत होतो.

वर गेल्यावर काकांनी प्लास्टिक उचललं. खाली फणसाची पानं कुजून लगदा झाला होता, डांबराचा उंचवटा बांधासारखा आडवा, आणि त्याखाली जुना पत्रा खिळ्यांच्या भोकांपाशी गंजलेला. पन्हळीतून पाणी वाहून जायला हवं, तिथे तळं साचत होतं आणि ते बाजूच्या कौलांखाली शिरत होतं. आधीच्या दुरुस्तीने गळती वाढली ती यामुळे. सांध्यांत भरलेल्या सिमेंटचंही तेच. कौल उन्हात तापतं, पावसात गार होतं, सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही. बारीक चीर पडते, चिरेत पाणी धरून राहतं. आणि पुढच्या वेळी ते कौल न फोडता उचलता येत नाही.

याखेरीज काही रिपा कुजल्या होत्या, त्यामुळे वरच्या ओळी बसून सांधे उघडले होते. एका वाशाच्या पायथ्याला वाळवी होती.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. बदललेल्या साठ कौलांपैकी बरीच शेजारच्या कौलांत नीट बसतच नव्हती. काकांनी एक जुनं कौल पालथं केलं, पाठीवरची माती अंगठ्याने पुसली आणि कारखान्याचा छाप दाखवला. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६५ मध्ये असा पहिला कारखाना काढला, त्यानंतर किनाऱ्यावर पुष्कळ निघाले आणि प्रत्येकाचा साचा जरा वेगळा. दिसायला सगळी मंगलोरीच. पण एका साच्याची खाच दुसऱ्याच्या ओठात पूर्ण बसत नाही, दोऱ्याएवढी फट राहते आणि कोकणातल्या झडीला दोऱ्याएवढी फट पुरते. “नवं कौल चांगलं असून उपयोग नाही, याच घरचं हवं,” ते म्हणाले. त्याच छापाची कौलं त्यांनी शोधली ती शेजारच्या गावात, स्लॅब टाकण्यासाठी उतरवलेल्या घराची. १२ रुपयाला एक, अशी १२० घेतली.

वहीचं पान

ठराव वहीच्या एका पानावर लिहिला. पन्हळीचा पत्रा पूर्ण नवा, चौदा रिपा बदलायच्या, वाळवी लागलेल्या वाशाला बाजूने जोड, फुटकी कौलं त्याच छापाची, पश्चिमेच्या बाजूच्या ओळी उचलून नव्याने बसवायच्या. आढ्याचं सिमेंट आत्ता काढायचं नाही, काढताना कोने फुटतील आणि पाऊस तोंडावर आहे. ते पुढच्या वर्षी. काय करणार नाही हेही लिहिलेलं असल्यामुळे मला फार हायसं वाटलं.

काकांची हजेरी १,००० रुपये, गड्याची ७००. अंदाज सहा दिवस, सातव्या दिवसाची गरज पडली तर पाचव्या दिवशी सांगायचं. माल मी दुकानातून घेणार, बिल माझ्या नावाने. आगाऊ रकमेचा प्रश्न इथेच सुटला. कारागिराकडे माल घ्यायला पैसे नसतात, त्याची मागणी चुकीची नसते. पण मालाचे पैसे दुकानात दिले की दोघांच्याही मनात किंतू राहत नाही.

पैशांबद्दल मी एक अट घातली होती: एकूण मजुरीतला एक तृतीयांश भाग पहिला मोठा पाऊस झाल्यावर. काकांनी पान वाचलं आणि म्हणाले, “माझे निम्मे ठेवा, चालेल. गड्याचे नका अडकवू. त्याचं पोट रोजावर आहे आणि छप्पर गळलं तर त्याला कोण विचारणार? मला विचारणार.” मी लगेच खोडून तसं लिहिलं. काम राखून ठेवलेल्या पैशांवर बांधायचं हे बरोबरच आहे, पण ते ओझं ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यावर टाकायचं असतं. हे मला त्यांनी शिकवलं, आणि माझा त्यांच्यावरचा उरलासुरला संशयही त्या वाक्याने गेला.

मी एक हट्ट मात्र सोडला नाही. वर चढताना कमरेला दोर हवा, आढ्याला बांधलेला. काका चाळीस वर्षं विनादोर चढत आलेले. “तुमच्यासाठी बांधतो,” म्हणाले. तिसऱ्या दिवशी कुजकी रीप गड्याच्या पायाखाली मोडली, दोर ताणला गेला, गुडघा खरचटला, एवढ्यावर निभावलं. त्या संध्याकाळी दोघंही फार बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोर कुणी आठवण न करता बांधला गेला.

सहा दिवस

२९ मे ते ३ जून. सकाळी साडेसातला शिडी लागायची. कौलांवर थेट पाय नाही, आडवी शिडी टाकून तिच्यावरून फिरायचं, म्हणजे वजन विभागतं. आधी जे आवाज आईने ऐकले होते, ते या सहा दिवसांत दोनदाच आले. दुपारचं जेवण आई करायची. मजुरी देतो म्हणून जेवण द्यायचं नाही, हे आमच्याकडे कुणाच्या मनातही येत नाही.

माजघरातल्या वाशावरून जुनी विजेची तार गेली होती, पाणी टपकायचं तिथे तिचं वेष्टण फुटलेलं. मी सहज म्हटलं, काका, एवढी तार जरा वर उचलून खिळ्याला बांधाल का? त्यांनी हात मागे घेतला. “हे माझं काम नाही. मेन स्विच बंद ठेवा आणि वायरमन बोलवा.” सुतारकाम, कौलं, किरकोळ गवंडीकाम, नळाचा वायसर, सगळं करणारा माणूस, पण विजेला हात लावायला नाही म्हणाला. परवानाधारक वायरमन ४ जूनला, मतमोजणीच्या दिवशी, आला. त्याने तेवढी लाइन बदलली आणि ३० मिलीअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच बसवला. त्याचे वेगळे ३,६०० रुपये गेले.

छपराचा हिशेब असा झाला. जस्ती पत्रा ३,२००, रिपा २,९५०, कौलं १,४४०, टेम्पो ८००, खिळे, वाळवीचं औषध, चुना, सिमेंट मिळून १,३१०. माल एकूण ९,७००. मजुरी काकांची ६,००० आणि गड्याची ४,२००. सगळे मिळून १९,९०० रुपये. पहिल्याला मी फोनवर आगाऊ पाठवले होते त्यापेक्षा शंभर कमी.

पाऊस

६ जूनला मान्सून रत्नागिरीपर्यंत पोचल्याची बातमी आली. ८ तारखेच्या रात्री आमच्याकडे खरा पाऊस लागला, वाऱ्यासकट. आई आणि मी दिवा घेऊन घरभर फिरलो. देवघर कोरडं. पश्चिमेची खोली कोरडी. पडवीत मात्र दहा-बारा मिनिटांनी एक थेंब पडला, मग दुसरा. मी पातेलं ठेवलं आणि झोप उडाली. काका येतील का, याहून दुसरा विचार रात्रभर नव्हता.

सकाळी फोन करायला उठले, तर ते पायरीवर छत्री मिटत होते. “रात्री वारा होता. बघून जावं म्हटलं.” पावसाची उघडीप मिळाल्यावर वर गेले, बदललेल्या कौलांपैकी एकाला केसाएवढी चीर होती, वाहतुकीत गेली असावी. कौल बदललं. राहिलेले ३,००० रुपये मी पुढे केले तेव्हा ते म्हणाले, “आणखी एक पाऊस बघा.” मी ऐकलं नाही, पैसे हातात दिले. आईने त्यांना चहा दिला आणि त्या दोघांचं नदीच्या पाण्यावरून बोलणं सुरू झालं. दुपारच्या गाडीने मी डोंबिवलीला निघाले. निर्धास्त जाणं म्हणजे काय, ते फार दिवसांनी अनुभवलं.

त्या पावसाळ्यात काकांनी आईला एक काम लावून दिलं. एक वही घ्यायची आणि मोठा पाऊस झाला की लिहायचं: तारीख, वारा कुठला, थेंब कुठे, किती वेळाने. आईने दिनदर्शिकेच्या खिळ्यालाच वही अडकवली. जुलैची पानं भरलेली आहेत. एका ठिकाणी लिहिलंय, “स्वयंपाकघर, चुलीच्या वर, वानरं सकाळी येऊन गेली होती.” त्याच आठवड्यात पुढे, “काका आले. दोन कौलं. पैसे १०० दिले, घेत नव्हते.”

मार्च २०२५ मध्ये शिमगा आटोपल्यावर ते आढ्याचं सिमेंट काढायला आले. मी तेव्हा दोन दिवस गावी होते. शिडी भिंतीला टेकवली, ओटीवर बसले आणि आत हाक मारली, “वहिनी, आधी वही आणा.” मग दोघांनी पानं उलटत, कुठे वर बघत, कुठे बोटाने दाखवत सगळा पावसाळा पुन्हा मोजला. ते संपल्यावरच शिडीवर पाय पडला.

त्या वर्षी मान्सून २५ मेलाच तळकोकणात उतरला. वाडीतल्या काही घरांची कौलं अजून अंगणात रचलेली होती, लोकांनी रात्री ताडपत्र्या ओढल्या. आईच्या वहीत २६ मेच्या पुढे एवढंच आहे: “रात्रभर. वारा नैर्ऋत्येचा. पातेलं नाही.”